परक्या मैदानावरची परीक्षा

१९३६ सालचा एक फोटो आहे, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबातला. एक पोक्त स्कॉटिश माणूस खाली वाकून एका हिंदी खेळाडूच्या पावलाला पट्टी गुंडाळतो आहे. हे जिमी मॅकमेनेमी, एके काळचे सेल्टिकचे गाजलेले खेळाडू आणि त्या वेळी संघाचे ट्रेनर. पाऊल आहे कोलकात्याच्या मोहम्मद सलीम यांचं. त्या पावलाला काही लागलेलं नाही. सलीम अनवाणी खेळत. बुटांच्या जागी त्यांना पट्टीच पुरत असे.

फुटबॉलचे हजारो फोटो पाहिले, पण इतकं थक्क करणारा दुसरा मला माहीत नाही. त्या काळच्या ब्रिटनमधल्या बलाढ्य क्लबांपैकी एक, आणि तिथला माणूस वसाहतीतून आलेल्या एका अनोळखी खेळाडूच्या पायाशी बसला आहे. हे घडलं एका चाचणीमुळे. सलीम मोहमेडन स्पोर्टिंगकडून खेळत. याच संघाने १९३४ पासून सलग पाच वर्षं कोलकाता लीग जिंकली. १९३६ मध्ये चीनचा ऑलिंपिक संघ कोलकात्यात प्रदर्शनीय सामने खेळायला आला होता. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये राहणारा एक नातेवाईक सलीमना बोटीने आपल्याबरोबर घेऊन गेला आणि थेट सेल्टिकच्या दारात उभा राहिला. मॅनेजर होते विली मेली. १८९७ पासून क्लब चालवणाऱ्या या माणसाने काय काय पाहिलं नसेल! पण बुटांशिवाय खेळणारा फुटबॉलर त्यांनाही नवा होता. तरी त्यांनी होकार दिला. क्लबचे सुमारे हजार सभासद आणि तीन प्रशिक्षक यांच्यासमोर सलीमनी आपली करामत दाखवली, असं सांगतात. पुढे त्यांना राखीव संघाकडून सामने मिळाले. हॅमिल्टनविरुद्ध सेल्टिक ५-१ ने जिंकलं, गॅल्स्टनविरुद्ध ७-१ ने. स्कॉटिश वर्तमानपत्रं या अनवाणी ‘जादूगारा’वर लिहू लागली. काही महिन्यांतच सलीमना घरची ओढ लागली. क्लब थांबा म्हणत होता, ते परतले.

परदेशातल्या व्यावसायिक क्लबात चाचणी द्यायला जाणाऱ्या प्रत्येक भारतीय खेळाडूच्या आधी तिथे सलीम जाऊन आले आहेत. त्यांच्यानंतर हे दार किती वेळा उघडलं, हे बोटांवर मोजता येईल. ते इतकं अरुंद का आहे आणि त्यातून आत शिरण्यासाठी काय काय जुळून यावं लागतं, हे समजून घेताना फुटबॉलच्या पोटातलं एक सबंध यंत्र दिसू लागतं.

खेळाडूंच्या बोलीत ‘ट्रायलला जाणं’ म्हणजे तीन-चार दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत त्या क्लबाबरोबर सराव करणं. या काळात पगार नसतो आणि कराराचं आश्वासनही नसतं. खेळाडू आधीच एखाद्या क्लबाशी बांधलेला असेल तर त्या क्लबाची परवानगी लागते. आमंत्रण बहुधा एजंट, ओळखीचा प्रशिक्षक किंवा व्हिडिओ पाहून प्रभावित झालेला स्काउट यांच्यामार्फत येतं. ब्रिटनच्या व्हिसा नियमांत यासाठी एक लक्षवेधी तरतूद आहे: पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला खेळाची चाचणी देता येते, पण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर नाही. म्हणून आज ही परीक्षा बंद फाटकाआड, रिकाम्या कुंपणालगत होते. पाहायला चार-पाच माणसं असतात. त्यातल्या एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या हातात टॅब्लेट.

स्कॉटलंडची तर याहून अजब परंपरा आहे. तिथल्या खालच्या विभागांत चाचणीवरच्या खेळाडूला अधिकृत लीग सामन्यातही उतरवता येत असे आणि संघाच्या यादीत त्याचं नाव न छापता नुसतं ‘ट्रायलिस्ट’ लिहिलं जाई. इतर क्लबांनी तो पळवू नये म्हणून ही काळजी. म्हणजे एखादा माणूस शेकडो प्रेक्षकांसमोर गोल करतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात गोल करणाऱ्याचं नाव ‘ट्रायलिस्ट’ असं येतं. आपण कोण हे अजून ठरायचंच आहे, अशा अवस्थेत त्याने गोल केलेला असतो!

सकाळी सराव सुरू होण्याआधी शरीराची मोजणी होते. प्रकाशाच्या किरणांमधून धावत ठरावीक अंतर किती वेळात कापलं ते यंत्र टिपतं. मग ‘यो-यो टेस्ट’. वीस मीटर जायचं, वीस मीटर परत यायचं, दहा सेकंद श्वास घ्यायचा आणि पुन्हा. दर थोड्या वेळाने दोन बीपमधला वेळ कमी होतो आणि वेग वाढवावा लागतो. डेन्मार्कच्या येन्स बँग्सबो यांनी ही चाचणी तयार केली, कारण फुटबॉलर मॅरेथॉनवाल्यासारखा एकसारखा धावत नाही. तो झेप घेतो, थांबतो, सावरतो, पुन्हा झेप घेतो. नुसता दम किती आहे यापेक्षा गेलेला दम किती लवकर परत येतो हे यात कळतं. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये जीपीएसचं छोटं यंत्र बसवलेली बनियनसारखी जॅकेट घालून पुढचा सराव होतो.

आणि हृदय तपासतात. याकडे कुणी नुसती औपचारिकता म्हणून पाहू नये. २६ जून २००३ रोजी कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो फ्रान्समधल्या लिऑनच्या मैदानावर सामना चालू असताना कोसळला आणि गेला. त्याच्या हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होता. त्याआधी १९९६ मध्ये नायजेरियाचा न्वान्क्वो कानू आयाक्सकडून इंटर मिलानला आला. तिथल्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या महाधमनीच्या झडपेत दोष सापडला. तो नुकताच ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेला जवान. त्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली, तो पुन्हा मैदानात उतरला आणि नंतर हृदयरोगी मुलांसाठी त्याने संस्था काढली. परक्या क्लबाच्या दारात ईसीजीचा कागद बाहेर येतो, तेव्हा खेळण्याबरोबर जगण्याचाही निकाल लागू शकतो.

मग चेंडू येतो, आणि खरी गंमत इथून सुरू होते.

आपल्याला वाटतं, स्काउट पायाकडे पाहत असेल. तो बराच वेळ मानेकडे पाहत असतो. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देत यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले ११८ खेळाडू व्हिडिओवर बारकाईने तपासले. चेंडू आपल्याकडे येण्याआधीच्या काही सेकंदांत खेळाडू चेंडूवरची नजर काढून किती वेळा आजूबाजूला पाहतो, हे त्यांनी मोजलं. जे जास्त वेळा पाहतात त्यांचे पास जास्त अचूक जातात, असं दिसलं. फ्रँक लॅम्पार्ड सेकंदाला सरासरी ०.६२ वेळा मान वळवत असे. म्हणजे दर दीड-पावणेदोन सेकंदांनी एक नजर मागे, एक नजर बाजूला. चेंडू पायाशी येईपर्यंत त्याच्या डोक्यात मैदानाचा नकाशा तयार असे.

आता नव्या देशातल्या पहिल्याच सकाळी उतरलेल्या खेळाडूचा विचार करा. त्याला कुणाचंही नाव माहीत नाही. उजवीकडचा बचावपटू डावखुरा आहे की नाही, मधला माणूस चेंडू पायाशी मागतो की पुढच्या मोकळ्या जागेत, काहीच ठाऊक नाही. बाकीचे सगळे कित्येक महिने एकत्र खेळत आलेले असतात. त्यांचा नकाशा अर्धा आधीच काढलेला असतो. याला तो प्रत्येक क्षणी कोऱ्या कागदावर काढावा लागतो. मागून ‘मॅन ऑन!’ अशी हाक येते, म्हणजे ‘तुझ्या पाठीवर माणूस आहे’. ग्लासगोच्या उच्चारात, वाऱ्यात, पावसात ती कळेपर्यंत चेंडू गेलेलाही असतो. शिवाय ज्यांच्याकडून पास हवा, त्यांच्यापैकीच कुणाची तरी जागा हा घेणार असतो. पास येत नाहीत. चार दिवसांत चाळीसदाच चेंडू पायाला लागला, तर त्या चाळीस स्पर्शांत स्वतःबद्दल सगळं सांगायचं.

मैदानही वेगळं. आपल्याकडच्या कडक, कोरड्या जमिनीवर चेंडू उसळतो आणि मग मंदावतो. उत्तर युरोपात सराव सुरू होण्याआधी गवतावर पाणी मारतात. त्यावर चेंडू टप्पा न घेता सरपटत वेगाने येतो. इथे पाय जरा सैल ठेवून थांबवलेला चेंडू तिथे दीड मीटर पुढे जातो आणि त्या दीड मीटरमध्ये समोरचा माणूस येऊन उभा राहतो. पहिला स्पर्श, ज्याला सगळे ‘फर्स्ट टच’ म्हणतात, तो असा परदेशात पोचल्याबरोबर बदलून घ्यावा लागतो. वर्षानुवर्षं स्नायूंनी पाठ केलेली गोष्ट दोन रात्रींत विसरायची आणि नवी शिकायची. हे जमतं, याचंच मला जास्त नवल वाटतं.

झोपेचं गणित मात्र भारतीय खेळाडूच्या बाजूने असतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यात ग्लासगो भारताच्या साडेपाच तास मागे असतं. तिथे सकाळी दहाला सराव सुरू होतो, तेव्हा मुंबईहून गेलेल्याच्या शरीरातलं घड्याळ दुपारचे साडेतीन दाखवत असतं. माणसाचं शरीर साधारण दुपार सरताना ते संध्याकाळी सगळ्यात जोमात असतं. म्हणजे तो चांगल्या वेळी मैदानात उतरतो. पेंगतो ते संध्याकाळी सातला, जेवणाच्या टेबलावर. जपानला गेलेल्याचं उलट होतं. तिथल्या सकाळी दहाला त्याचं शरीर अजून साडेसहाच्या उजेडात डोळे चोळत असतं.

आणि थंडी. रियाद माहरेझची गोष्ट यासाठी सांगायला हवी. पॅरिसच्या सार्सेल उपनगरातला हा काटकुळा अल्जेरियन वंशाचा मुलगा २००९ मध्ये, अठराव्या वर्षी, ग्लासगोला खेटून असलेल्या पेझली गावी सेंट मिरन क्लबात चाचणीला आला. चार मित्रत्वाच्या सामन्यांत त्याने सात गोल केले. तरी करार काही पुढे सरकेना. त्या थंडीत वाट पाहून तो कंटाळला आणि निघून गेला. पुढे तो फ्रान्सच्या चौथ्या विभागात कॅम्पेर नावाच्या छोट्या क्लबाकडून खेळला. तिथून ल हाव्र, तिथून लेस्टर. २०१६ मध्ये लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली आणि इंग्लंडमधल्या खेळाडूंनी माहरेझला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. सात गोल पाहणाऱ्यांची नजर कमी पडली असं मी म्हणणार नाही. त्याची गुणवत्ता त्यांना दिसली होती. करार व्हायला लागणारे कागद, पैसे आणि धीर एका वेळी एका टेबलावर आले नाहीत, एवढंच.

शरीर साथ देत नसेल तर गुणवत्ता दिसतही नाही. नायजेरियाचा व्हिक्टर ओसिमेन २०१८ च्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या दोन क्लबांकडे गेला आणि दोन्हीकडून नकार घेऊन परतला. त्या दिवसांत त्याला मलेरिया झाला होता. तिसऱ्या क्लबाने, शार्लरुआने, त्याला घेतलं. पाच वर्षांनी त्याच्या गोलांवर नापोलीने इटलीची लीग जिंकली, ३३ वर्षांनंतर.

आणि याच्या अगदी उलट टोकालाही एक प्रसंग आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन क्लबाला एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण जगप्रसिद्ध फुटबॉलपटू जॉर्ज वेआ असल्याचं सांगितलं आणि अली दिया नावाच्या सेनेगली खेळाडूची शिफारस केली. फोन वेआचा नव्हता. दियाची परीक्षा राखीव संघाच्या सामन्यात व्हायची होती. मैदानात पाणी साचल्याने तो सामनाच रद्द झाला. मग २३ नोव्हेंबरला लीड्सविरुद्ध, साउदॅम्प्टनचा मॅट ल टिसिये दुखापतीने बाहेर गेल्यावर, दिया थेट प्रीमियर लीगच्या सामन्यात उतरला. बदली म्हणून आलेल्या त्यालाच सामना संपण्याआधी पुन्हा बदलावं लागलं. एक पावसाळी दिवस आडवा आला आणि परीक्षा झाली नाही, तर काय होतं हे साऱ्या इंग्लंडने पाहिलं. त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या चार दिवसांच्या सरावाचं मोल यातून कळतं.

इथवर सगळं पाय, मान, हृदय आणि हवामान यांचं झालं. भारतीय खेळाडूची खरी भिंत मात्र कागदाची आहे.

सुनील छेत्रीला २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने तीन वर्षांचा करार देऊ केला. क्लबाला तो हवा होता, त्याला जायचं होतं. ब्रिटिश सरकारने वर्क परमिट नाकारलं. तेव्हाचा नियम असा होता की खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये हवा आणि त्याने आधीच्या दोन वर्षांत देशाच्या तीन चतुर्थांश अधिकृत सामन्यांत भाग घेतलेला हवा. भारताचा आजवरचा सर्वोत्तम क्रमांक ९४, तोही १९९६ च्या फेब्रुवारीतला. म्हणजे छेत्री कसा खेळतो हा प्रश्न परवान्याच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही. त्याच्यासोबत खेळणारे इतर दहा जण, त्यांना घडवणारी मैदानं, त्यांच्या आधीच्या पिढ्या, सगळ्यांची मिळून बेरीज त्याच्या अर्जावर लिहिली गेली होती. एका माणसाच्या चाचणीत सबंध देश परीक्षेला बसतो, आणि नापास झाला तर घरी परत येतो तो एकटा. पुढे देशासाठी ९० हून अधिक आंतरराष्ट्रीय गोल करणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत हे घडलं, हे मला आजही सलतं.

आता तिथे गुणपद्धती आहे. देशाकडून किती खेळलात, तुमची लीग कोणत्या दर्जाची, क्लबाकडून किती मिनिटं खेळलात, अशा निकषांवर गुण मिळतात आणि साधारण १५ गुण झाले की परवाना मिळू शकतो. पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा जुना इंग्लिश क्लब विकत घेतला, तेव्हा आपल्याकडे अनेकांना वाटलं की आता मराठी पोरांना रस्ता झाला. क्लबाचे मालक पुण्याचे असले तरी पंधरा गुण मोजणारं टेबल तेच राहतं.

या कागदी भिंतीतून भायचुंग भुतियाने १९९९ मध्ये वाट काढली होती, हे पाहिलं की त्याचं मोठेपण कळतं. फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच आणि ॲस्टन व्हिला या तीन क्लबांकडे चाचण्या दिल्या, करार झाला नाही. मग मँचेस्टरजवळच्या बरी या तिसऱ्या स्तरावरच्या क्लबाने त्याला घेतलं. सिक्कीमच्या तिनकितामचा मुलगा लँकेशायरच्या चिखलात उतरला.

वयाचं कुंपण आणखी उंच आहे. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी करता येत नाही. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, किंवा घर सीमेलगत असेल, किंवा युरोपीय संघातल्या देशांमध्ये सोळा वर्षांनंतर. हा नियम २००१ मध्ये आला. लिओनेल मेस्सी बार्सिलोनाला चाचणी द्यायला गेला सप्टेंबर २००० मध्ये. तेरा वर्षांचा, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असलेला, महागडी इंजेक्शनं घेणारा मुलगा. निर्णय घेणारे कार्लेस रेक्साच तेव्हा सिडनी ऑलिंपिकला गेलेले होते. मेस्सी थांबला. रेक्साच परतले, सामना चालू असताना मैदानाला वळसा घालत बाकावर जाऊन बसेपर्यंत त्यांचं ठरलंही होतं. कागद मात्र हलेनात. अखेर १४ डिसेंबर २००० रोजी एका टेनिस क्लबात रेक्साच यांनी कागदी रुमालावर वचन लिहून सही केली. तो रुमाल २०२४ मध्ये लिलावात ७ लाख ६२ हजार ४०० पौंडांना विकला गेला. नियम एक वर्ष आधी आला असता तर ती गोष्ट कुठल्या वळणाने गेली असती, कोण सांगणार! नियम मात्र मला योग्य वाटतो. लहान मुलांना परदेशात नेऊन रस्त्यावर सोडून देण्याचे प्रकार इतके झाले होते की कुंपण घालणं भाग होतं. पण त्याचा अर्थ असा की कोल्हापूरचा किंवा मडगावचा मुलगा युरोपच्या दारात पोचतो तो अठराव्या वर्षी, आणि तिथल्या मुलाने तोवर दहा वर्षं अकादमीत काढलेली असतात.

काही जण वेगळ्या बाजूने आत गेले. गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या अकादमीत शिकला आणि तिथून इंग्लंडमधल्या क्लबांच्या चाचण्यांना गेला. गोलरक्षक अदिती चौहान लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाच्या गोलमध्ये उभी राहिली. गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबाकडे गेला. पहिली दोन वर्षं त्याने बहुतेक बाकावर आणि सरावात काढली आणि ३० जून २०१६ रोजी युरोपा लीगच्या पात्रता सामन्यात उतरला. असं करणारा तो पहिला भारतीय. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. असं खेळणारी तीही पहिली भारतीय.

आणि बाला देवी. मणिपूरच्या इरेंगबम गावची, मणिपूर पोलिसांत नोकरी करणारी, भारताची आघाडीची गोल करणारी. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती चाचणीसाठी ग्लासगोला गेली. या वेळी क्लब सेल्टिकचा कट्टर प्रतिस्पर्धी, रेंजर्स. बेंगळुरू एफसीशी रेंजर्सचा करार झालेला होता, त्यातून हा दुवा जुळला. नोव्हेंबरचं ग्लासगो म्हणजे चारच्या सुमारास मावळणारा सूर्य आणि हाडात शिरणारा ओलावा. वय २९, म्हणजे ज्या वयात बहुतेकांना ‘आता उशीर झाला’ असं ऐकवतात. जानेवारी २०२० मध्ये रेंजर्सने तिला अठरा महिन्यांचा करार आणि १० क्रमांकाची जर्सी दिली. सलीमनंतर त्र्याऐंशी वर्षांनी त्याच शहराने पुन्हा एका भारतीय खेळाडूची परीक्षा घेतली आणि तिला ठेवून घेतलं. मार्चमध्ये करोनाने स्पर्धाच थांबवली. ती थांबून राहिली. डिसेंबर २०२० मध्ये मदरवेलविरुद्ध तिने पहिला गोल केला.

फुटबॉलच्या या यंत्रात एक भाग असा आहे की तो कळला तेव्हा मी अवाक झालो. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. त्यासाठी खेळाडूच्या नावे एक ‘प्लेअर पासपोर्ट’ असतो. तो कोणत्या वर्षी कुठल्या क्लबाकडे नोंदलेला होता ते त्यात लिहिलेलं असतं. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावाने संघ खेळतात आणि शाहू स्टेडियम तुडुंब भरतं. त्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. समजा अशा शहरातल्या एखाद्या छोट्या क्लबात बारा ते पंधरा ही चार वर्षं रीतसर नोंदणी करून खेळलेला मुलगा पुढे कधी दहा लाख युरोंना विकला गेला. त्या छोट्या क्लबाला दहा हजार युरो मिळायला हवेत. अट एकच: नोंदणी झालेली हवी. आपल्याकडे मुलं खेळतात भरपूर, नोंदवली जातात कमी. क्लब चालवणाऱ्या प्रत्येकाने हे काम आजच्या आज करावं.

आणि पालकांना एक कळकळीची विनंती. या स्वप्नाभोवती फसवणुकीचा मोठा बाजार उभा आहे. पश्चिम आफ्रिकेत घरं-जमिनी विकून मुलांना ‘युरोपातल्या ट्रायल’साठी पाठवणारी कुटुंबं इतकी फसली की कॅमेरूनचा माजी खेळाडू जाँ-क्लोद मब्वुमँ याने २००० मध्ये पॅरिसमध्ये अशा मुलांसाठी ‘फूट सोलिदेर’ ही संस्था काढली. परदेशात ट्रायल मिळवून देतो म्हणून कुणी तुमच्याकडे लाखो रुपये मागितले, तर आधी क्लबाच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः पत्र पाठवून आमंत्रण खरं आहे का ते विचारा. एजंटाचं नाव फिफाच्या परवानाधारक यादीत आहे का ते पाहा. ती यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. मूल अठरा वर्षांखालचं असेल आणि तरी कुणी परदेशी क्लबाच्या कराराचं वचन देत असेल, तर तिथेच थांबा. खऱ्या क्लबाला खेळाडू हवा असतो, त्याच्या बापाची जमीन नको असते.